जादूगाराचा जमाखर्च

झोपडीच्या गवती छपरावर चढून बसलेली एक शेळी काही केल्या खाली उतरेना. तेव्हा एका बाईने तिला उद्देशून काही विचित्र शब्द उच्चारले आणि शेळीने टुणकन खाली उडी मारली. बाईचा सात वर्षांचा भाचा हे पाहत होता. दुसऱ्या दिवशी माळावर शेळ्या चारताना त्याने तेच शब्द मोठ्याने म्हटले. साऱ्या शेळ्या आवाज न करता त्याच्याकडे आल्या. त्याला गंमत वाटली. त्याने पुन्हा म्हटले. शेळ्या आणखी जवळ आल्या, त्याला खेटून उभ्या राहिल्या, चहूबाजूंनी दाटी करू लागल्या. आता मात्र तो घाबरला आणि धावत सुटला. शेळ्याही त्याच्याबरोबर धावल्या आणि सगळी वरात गावात येऊन थडकली. बोलावण्याचा मंत्र त्याला आला होता, सोडवण्याचा येत नव्हता! शेवटी मावशीनेच शेळ्यांना मोकळे केले आणि मुलाच्या अंगी काहीतरी आहे हे ओळखले.

‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीची सुरुवात अशी आहे. अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन हिने ती लिहिली व १९६८ साली ती प्रसिद्ध झाली. एका प्रकाशकाने तिला किशोरवयीन वाचकांसाठी काहीतरी लिहून मागितले होते. कथा-पुराणांतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचेच का असतात, तेही कधीतरी पोरसवदा असतील, मग ते शिकले कोठे, असा प्रश्न तिला पडला. त्या प्रश्नातून जादूगारांची एक शाळाच उभी राहिली. (हॅरी पॉटरची शाळा यानंतर २९ वर्षांनी आली, हे जाता जाता सांगून ठेवतो.) कथेतला मुलगा गेड हा गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरील लोहारकाम करणाऱ्या माणसाचा मुलगा. लेखिकेने त्याला तांबूस-तपकिरी वर्णाचा केला आहे. त्या काळच्या इंग्रजी कथांच्या नायकांत अशी गोष्ट विरळाच. लेखिकेचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानवशास्त्रज्ञ होते, त्यामुळे निरनिराळ्या लोकांच्या चालीरीतींच्या गोष्टी तिच्या घरातच होत्या. ती २०१८ साली निवर्तली.

विज्ञानाच्या मासिकात जादूची कादंबरी कशासाठी, असा प्रश्न तुमच्या शिक्षकांना पडेल. माझे उत्तर असे आहे. बहुतेक जादूच्या गोष्टींत सारे काही फुकट मिळते. दिवा घासला, महाल तयार! त्या महालाच्या विटा कोठून आल्या, हे कोणी विचारत नाही. या कादंबरीत मात्र जवळजवळ प्रत्येक पानावर कोणीतरी तोच प्रश्न विचारत असते. हे घेतलेस, पण ते कोठून घेतलेस? तिथे काय कमी झाले? भौतिकशास्त्रात आपण याला अक्षय्यतेचे नियम म्हणतो. रोक बेटावरील शाळेतले गुरू त्याला ‘समतोल’ म्हणतात. दोन्ही गोष्टी एकच नव्हेत. पण दोन्हींकडे वही जमाखर्चाचीच आहे. तेव्हा आपण ती वही थोडी तपासू या.

गेड बारा वर्षांचा असताना त्याच्या गावावर शत्रू चालून येतो. पहाटेची वेळ, डोंगरात विरळ धुके. गावात लढू शकणारी माणसे मूठभर. या पोराला पूर्वी एका हवामानवाल्या मांत्रिकाकडून धुके गोळा करण्याची एक किरकोळ युक्ती मिळालेली असते. तिच्या आधारे तो धुके इतके दाट करतो, की शत्रूला हातभरावरचे दिसेनासे होते. गाव वाचते.

आता हिशेब. गाव ५०० मीटर लांब, ४०० मीटर रुंद आणि धुक्याचा थर २५ मीटर उंच धरू. आकारमान झाले ५० लाख घनमीटर. दाट धुक्याच्या एका घनमीटरात साधारण ०.२ ग्रॅम पाणी सूक्ष्म थेंबांच्या रूपात तरंगत असते. म्हणजे एकूण १० लाख ग्रॅम, अर्थात १,००० किलोग्रॅम पाणी. पाहा बरे, अख्खे गाव झाकायला २०० लिटरची पाच पिंपे पुरली! इथवर जादू स्वस्तच वाटते.

पण हे पाणी हवेत आधी बाष्परूपात होते. बाष्पाचे पाणी होताना दर ग्रॅमला सुमारे २,५०० ज्यूल इतका अप्रकट उष्मा बाहेर पडतो. १० लाख ग्रॅमचे २५० कोटी ज्यूल झाले. विजेच्या भाषेत जवळजवळ ७०० युनिट. हा उष्मा तिथेच राहिला, तर हवा तापेल आणि धुके विरून जाईल. म्हणून तो कोठेतरी बाहेर नेऊन टाकायला हवा. शिवाय बाष्पाचे संघनन व्हावे म्हणून हवाही थोडी थंड करायला हवी. तिची उष्णता धरली, तर बेरीज दुपटीच्या जवळ जाते. ती सध्या बाजूला ठेवू.

थोडक्यात, त्या मुलाला फ्रिज व्हायचे आहे. घरातला फ्रिज एक ज्यूल विजेवर दोन-तीन ज्यूल उष्णता बाहेर काढू शकतो. आपला गेड चांगल्यापैकी फ्रिज आहे असे समजून तीन धरू. तरी त्याला सुमारे ८३ कोटी ज्यूल काम करावे लागेल. माणसाला दिवसभराच्या आहारातून मिळते सुमारे ८४ लाख ज्यूल ऊर्जा. म्हणजे शंभर दिवसांचे जेवण एका पहाटेत संपवायचे! आणि आपण धरले आहे की खाल्लेल्या अन्नाची सगळी ऊर्जा कामात उतरते, जे कधीच होत नाही.

लेखिकेने हे गणित मांडले नव्हते. पण धुके उतरल्यावर ती काय लिहिते? गेड सुन्न होऊन बसला आहे. बोलत नाही, खात नाही, झोपत नाही. गावातल्या कोणाला काही सुचत नाही. पाचव्या दिवशी ओगियन नावाचा एक जादूगार येतो व त्याला त्यातून बाहेर काढतो. मुलाने आपल्या ऐपतीबाहेर खर्च केला होता. आकडे नसताना तिला जे उमगले ते आपल्या आकड्यांशी जुळते, याचे मला कौतुक वाटते.

जेवणाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक प्रसंग. पुस्तकाच्या शेवटाकडे गेड आपल्या मित्राच्या घरी राहायला जातो. मित्राची धाकटी बहीण यॅरो ही चौदा वर्षांची चौकस मुलगी आहे. ती विचारते, की तुम्ही समुद्रावर जाताना शिदोरी कशाला नेता? मंत्र म्हणा आणि खा! तिला उत्तर मिळते ते असे, की मंत्राच्या पदार्थाला वास येईल, चव येईल, पोट भरल्यासारखेही वाटेल; पण अंगात ताकद येणार नाही, कारण तो शेवटी नुसता शब्द. आहाराच्या धड्यात आपण कॅलरीबद्दल जे शिकवतो ते आणखी वेगळे काय असते? जिभेला फसवणे सोपे आहे, हे तर आज कृत्रिम गोडी आणणाऱ्या पदार्थांनी रोज दाखवले आहे. स्नायूंना मात्र फसवता येत नाही.

भ्रम आणि बदल यांतला हा फरक शाळेतल्या हातचलाखीच्या गुरूंकडे गेड आधीच शिकलेला असतो. ते गारगोटीचा हिरा करून दाखवतात. पण तो दिसायलाच हिरा. गेडला खराखुरा हवा असतो. गुरू त्याला सावध करतात, की तसे करणे शक्य आहे, पण मग एका खड्यापुरते ते राहत नाही. जगाची मांडणी हलते.

गारगोटी ही सिलिकॉन व ऑक्सिजन यांची, हिरा निव्वळ कार्बनचा. सिलिकॉनच्या अणुकेंद्रात १४ प्रोटॉन, ऑक्सिजनच्या ८, कार्बनच्या ६. तेव्हा खरा बदल करायचा तर अणुकेंद्रालाच हात घालायला हवा. माणसाने तेही केले आहे. जिनीव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाचा कणवेगवर्धक आहे. तिथे शिशाची अणुकेंद्रे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांसमोर सोडतात. काही वेळा ती एकमेकांवर न आदळता अगदी जवळून निसटतात, आणि त्या वेळच्या तीव्र विद्युतचुंबकीय धक्क्याने शिशाच्या केंद्रातून तीन प्रोटॉन बाहेर पडतात. ८२ वजा ३ म्हणजे ७९, आणि ७९ म्हणजे सोने! तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२५ साली हिशेब जाहीर केला. २०१५ ते २०१८ या काळात ८,६०० कोटी सोन्याची अणुकेंद्रे तयार झाली होती. ऐकायला केवढा आकडा! वजन भरले २९ पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यांतले २९. आणि तीही क्षणात यंत्राच्या भिंतीवर आपटून फुटली. किमयागारांना हजार वर्षे जे हवे होते ते मिळाले, पण त्याची बांगडी काही होत नाही.

सर्वांत अवघड जादू म्हणजे स्वतःचे रूप बदलणे. एका कठीण प्रसंगी गेड बहिरी ससाणा होऊन समुद्रापार उडून जातो. इथे मात्र मी परीक्षकाची लाल पेन्सिल बाहेर काढतो. माणूस ६० किलोग्रॅमचा, ससाणा १ किलोग्रॅमचा. उरलेले ५९ किलोग्रॅम गेले कुठे? कोणी हुशार विद्यार्थी म्हणेल, सर, त्याची ऊर्जा झाली. ठीक आहे. ऊर्जा = वस्तुमान × (प्रकाशाचा वेग)² हे सूत्र वापरू. ५९ गुणिले ९ × १०¹⁶ म्हणजे सुमारे ५.३ × १०¹⁸ ज्यूल. १९४५ साली हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बची ऊर्जा सुमारे ६.३ × १०¹³ ज्यूल होती. भागाकार केला तर ८० हजारांहून अधिक बॉम्ब! गेड ससाणा झाला त्या क्षणी त्याचे बेटच काय, आसपासचा समुद्रही शिल्लक राहायचा नाही. वस्तुमान हे असे लपवण्याजोगे चलन नव्हे.

लेखिकेने इथे किलोग्रॅमचा हिशेब ठेवला नाही, दुसराच ठेवला आहे. जास्त वेळ पक्षी होऊन राहिलेला माणूस पक्ष्यासारखाच विचार करू लागतो आणि परतीची वाट विसरतो. अस्वल होण्याची हौस असलेल्या एका जादूगाराने त्या रूपात आपल्याच मुलाला मारल्याची हकिगत गुरू सांगतात. गेड ओगियनच्या हातावर येऊन बसतो तेव्हा त्याला माणसाचे बोलणेही आठवत नसते. विज्ञान म्हणून हे चुकीचे, पण जमाखर्चाच्या वृत्तीने अगदी योग्य.

वाऱ्याच्या मंत्राबद्दल एक कोडे सांगून पुढे जातो. गेड होडीच्या शिडात मंत्राने वारा भरतो. समजा, त्याऐवजी त्याने होडीतच एक मोठा पंखा ठेवला आणि त्याचा झोत शिडावर सोडला, तर होडी चालेल का? न्यूटनचा तिसरा नियम आठवा. पंखा हवेला पुढे ढकलतो तेव्हा हवा पंख्याला, म्हणजे होडीला, कोणीकडे ढकलते? वर्गात हा प्रश्न टाकला की दोन तट पडतात आणि तास संपतो. तेव्हा जादूगाराचा वारा होडीबाहेरच्या कशावर तरी जोर देऊनच आलेला असला पाहिजे.

आता पावसाकडे वळू, कारण पुस्तकाचे मर्म मला तिथे दिसते. गेड ओगियनचा शिष्य होतो. गुरूने मोठमोठे मंत्र शिकवावेत अशी त्याची अपेक्षा. आणि गुरू काय करतो? पाऊस आला की झाडाखाली पडून राहतो, भिजतो! बेटावरचे इतर जादूगार असे नाहीत. ढग डोक्यावर आला की ते मंत्राने तो शेजाऱ्याकडे ढकलतात, शेजारी पुढच्याकडे, आणि बिचारा ढग चेंडूसारखा इकडून तिकडे फिरत राहतो. ओगियन मात्र पावसाला पडायचे तिथे पडू देतो. गेडला वाटते, एवढी शक्ती असून वापरायची नाही, तर उपयोग काय? पुढे शाळेतही त्याला तेच ऐकावे लागते, की इथे पाडलेला पाऊस म्हणजे कोणाचा तरी दुष्काळ असू शकतो.

हा प्रश्न आता नुसता कथेतला राहिलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर भागात कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. सोलापूर पर्जन्यछायेत येते. ढग येतात आणि न पडताच निघून जातात. विमानातून ढगांच्या तळाशी क्षाराचे सूक्ष्म कण सोडले, की त्यांभोवती पाण्याचे मोठे थेंब जमतात व पावसाची शक्यता वाढते. शास्त्रज्ञांना प्रयोगाच्या क्षेत्रात पावसात सुमारे १८ टक्के वाढ आढळली. लक्षात घ्या, मुळात योग्य ढग असतील तरच हे साधते. कोरड्या आकाशातून पाऊस काढणारा मंत्र शास्त्रज्ञांकडेही नाही.

मग पुढच्या गावाचे काय? त्यांच्या वाटचे पाणी सोलापूरने घेतले का? २०१८ साली इराणच्या एका लष्करी अधिकाऱ्याने शेजारी देश आपले ढग पळवतात असा उघड आरोप केला होता आणि त्याच देशाच्या हवामान खात्यातल्या जाणकाराने ते शक्य नसल्याचे सांगितले होते. भौतिकशास्त्राचे उत्तर साधारण असे आहे. ढग ही पाण्याने भरलेली टाकी नव्हे. त्यात खालून सारखे बाष्प येत असते, वरून व कडांनी विरत असते. आणि ढगातल्या पाण्याचा बराच भाग कोणाच्याच शेतात न पडता पुन्हा हवेत जातो. म्हणून एका ठिकाणी थोडा पाऊस वाढला की पुढच्या ठिकाणी तेवढाच घटला, असे सरळ वजाबाकीने म्हणता येत नाही. परंतु पाण्याचा एकूण साठा वाढलेला नसतो हेही तितकेच खरे. ओगियनचे जादूगार-बंधू ढग ढकलत बसले ते मूर्ख. पण ओगियनप्रमाणे नुसते भिजत राहणे सोलापूरच्या शेतकऱ्याला परवडणारे नाही. इथे माझे लेखिकेशी पटत नाही. शक्ती न वापरण्याचा मोठेपणा ज्याचे पोट भरले आहे त्यालाच सोपा जातो. मोजमाप करून, आधी-नंतरच्या नोंदी ठेवून वापरणे हा तिसरा मार्ग आहे, आणि तो या कादंबरीत नाही.

एका बाबतीत मात्र पुस्तक विज्ञानाच्या विरुद्ध आहे असे वाटते आणि नीट वाचल्यावर तसे नसते. अर्थसीची सारी जादू नावांवर चालते. प्रत्येक वस्तूला एक खरे नाव आहे. ते कळले की वस्तू तुमच्या ताब्यात. आम्हा शिक्षकांना हे ऐकून धसका बसतो, कारण नाव सांगितले की उत्तर झाले अशीच मुलांची समजूत असते. दगड खाली का पडतो? ‘गुरुत्वाकर्षणामुळे.’ झाले, एक गुण! त्या शब्दाने नेमके काय कळले? नोबेल पारितोषिक विजेते रिचर्ड फाइनमन सांगत, की त्यांच्या वडिलांनी लहानपणीच त्यांना बजावले होते: एखाद्या पक्ष्याचे नाव जगातल्या सर्व भाषांत पाठ केलेस तरी पक्ष्याबद्दल तुला काहीच कळलेले नसेल, तो काय करतो ते पाहा.

आता ओगियनची शिकवण ऐका. वाटेत एक साधे रोपटे दिसते. गेड विचारतो, याचा उपयोग काय? गुरू म्हणतो, मला तरी ठाऊक नाही. मग तो सांगतो, की हे रोप सगळ्या ऋतूंत पाहा, मूळ, पान, फूल, बी, वास, सारे ओळखीचे होऊ दे. त्यानंतर त्याचे खरे नाव शिकता येईल. म्हणजे नाव शेवटी! निरीक्षण आधी. पुढे शाळेत नावांचे गुरू एका ओसाड मनोऱ्यात बसून शिष्यांकडून याद्या पाठ करून घेतात तेव्हाही सांगतात, की ‘समुद्र’ या एका शब्दाने समुद्र वश होत नाही. प्रत्येक आखात, प्रत्येक खाडी, प्रत्येक खडक यांची वेगवेगळी नावे यावी लागतात. म्हणून सगळ्या समुद्रावर सत्ता गाजवणारा जादूगार कधी झाला नाही. ज्याने प्रयोगवहीत एकेक वाचन टिपले आहे त्याला हे लगेच पटेल.

पुस्तकाचा मुख्य धागा मी मुद्दामच सांगितलेला नाही. शाळेत एका गर्विष्ठ मुलाशी पैज लावून गेड आपल्या शक्तीबाहेरचा एक मंत्र म्हणतो आणि त्यातून एक भयंकर सावली जगात शिरते. ती फट बुजवताना शाळेच्या वृद्ध प्रमुखाचा प्राण जातो. उरलेले पुस्तक त्या एका रात्रीच्या देण्याचे आहे, ते कसे फिटते ते तुम्हीच वाचा. इंग्रजी अवघड नाही, पण वाक्ये घट्ट आहेत. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याने शब्दकोश जवळ ठेवावा आणि पहिली दोन प्रकरणे शिक्षकांबरोबर वाचावीत.

जाता जाता एक छोटे गणित. अंधारात गेड आपल्या काठीच्या टोकाला उजेड आणतो, तेल नाही, वात नाही. हा उजेड ९ वॉटच्या एलईडी दिव्याएवढा धरू आणि रात्र १० तासांची. ऊर्जा झाली ३,२४,००० ज्यूल, म्हणजे सुमारे ७७ किलोकॅलरी. शरीर अन्नाच्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामात उतरवू शकते, म्हणून चौपट करा, ३१० किलोकॅलरी. मध्यम आकाराच्या एका पोळीतून १०० किलोकॅलरी मिळतात असे मानले, तर रात्रभराच्या उजेडाला तीन पोळ्या पडल्या. परंतु पुस्तक १९६८ चे आहे आणि त्या काळी घरोघरी असे ते तारेचे पिवळे बल्ब. काठीवरचा उजेड ६० वॉटच्या तसल्या बल्बचा असेल, तर गेडला रात्री झोपण्यापूर्वी किती पोळ्या खाव्या लागतील?